एक मसाला, दोन कढया

'तुमच्या घरात बोलतात कुठली भाषा?' हा प्रश्न बेळगावच्या माणसाला आयुष्यात किती वेळा विचारला जातो, याची गणतीच नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे. मी आईशी मराठी बोलतो, बायको मुलांशी कन्नड बोलते, मुलं दोघांशी दोन्ही बोलतात आणि आपापसात भांडताना इंग्रजी. भाषेवरून आमच्या घरात कधी कुणाचा आवाज चढला नाही. आमचा सीमाप्रश्न निराळाच होता. तो होता भांड्यांचा.

बायकोचं माहेर धारवाडचं, पूर्ण शाकाहारी. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे ठरलेले वार. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा आईनं कुणी न सांगता मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडली. एक जर्मनची कढई, एक पातेलं, एक उलथणं आणि चार ताटल्या तिकडे गेल्या. मटण तिथेच शिजायचं आणि भांडी तिथेच घासली जायची. बायकोनं कधी नाक मुरडलं नाही, आईनं कधी आग्रह केला नाही. सोळा वर्षं दोघींनी एकमेकींचा मान राखला. आमच्या ओळखीत याचं कौतुक व्हायचं आणि मीही ते खुशाल ऐकून घ्यायचो.

मग आई न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण हातात पूर्वीची ताकद आली नाही. त्याच वर्षी दात काढून कवळी बसवली. पडवीतली शेगडी बंद पडली. मी आणि मुलं महिन्यातून एखाद्या वेळी बाहेर जेवून यायचो. घरात काहीच बिघडलेलं नव्हतं, असं आपलं मला वाटत होतं.

एका रात्री दहावीतल्या मुलीनं विचारलं, "बाबा, आजी हल्ली रोज दूध-भातच खाते, तुमच्या लक्षात आलंय का?" नव्हतं आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे काट्यावर उभं केलं, तर आईचं वजन चार किलोनं उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, "यांच्या पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. अंडी, मासे, मटण, जे चावता येईल ते द्या." घरी येताना रिक्षात मी आईला विचारलं, "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "कुणाला सांगायचं? सुनेला कसं सांगू? आणि तुला कुठं येतंय काय करायला?"

वर्गात मी मुलांना साहित्यातली माणसं उलगडून सांगतो. शेजारच्या खोलीतलं माणूस काय जेवतं, हे मात्र मला मुलीनं सांगावं लागलं. आणि ज्याचं एवढं कौतुक होत होतं, त्या एकमेकींचा मान राखण्यातच आईची उपासमार होत होती. एक मागत नव्हती, दुसरी विचारत नव्हती आणि मधला मी कशातच नव्हतो.

चावायला सोपं म्हणून खिमा ठरला. पण आईचा खिमा म्हणजे रविवारचं काम. सुकं खोबरं भाजा, कांदा भाजा, तीळ-खसखस भाजा, वाटण वाटा. कॉलेजातून साडेपाचला परतणाऱ्या माणसाला बुधवारी हे कसं जमणार? मी विचारलं, "यातलं काय गाळलं तर चालेल?" आईला हा प्रश्न अजिबात आवडला नाही. बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, "खोबरं गाळ. पण कांदा गाळायचा नाही, आणि कांद्याला घाई करायची नाही." आणि भाकरी कुणाला येणार? मग पाव आणायचा, असं मी जाहीर केलं. "पाव काय जेवण असतंय?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं, पण नाही म्हणाली नाही.

खरं तर पावाला परकं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून आला आणि गोव्यात रुजला. तिथले पोदेर यीस्टऐवजी माडाच्या सुरीनं पीठ फुगवत. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांचाच. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. 'खिमा' हा शब्द तुर्की-फारसीतून आपल्याकडे आला आणि कन्नडमध्ये त्याचा 'कैमा' झाला. म्हैसूर-बेंगळुरूकडे खिम्याच्या गोळ्यांना 'कैमा उंडे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणमधून मुंबईत आलेल्या लोकांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं थाटली आणि तिथे खिमा-पाव मुंबईची न्याहारी होऊन बसला. आपल्या ताटातलं मूळचं आपलं किती, हे शोधायला गेलं तर ताट रिकामं व्हायचं.

अमेरिकेत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला हे फोनवर सांगितलं, तर तो हसायला लागला. म्हणाला, "सर, इथं कामाच्या दिवशी रात्री घरोघरी हेच करतात. नाव 'स्लॉपी जो'." म्हणजे आपल्या भाषेत गबाळा जो! बीफचा खिमा, कांदा, टोमॅटोचा आंबटगोड रस्सा आणि गोल बन. हा जो नक्की कुठला, यावर तिकडेही एकमत नाही. कुणी आयोवा राज्यातल्या सू सिटीकडे बोट दाखवतं, तर कुणी हवाना आणि की वेस्ट इथल्या त्याच नावाच्या बारकडे. 1969 साली त्याचा तयार सॉस 'मॅनविच' या नावानं डब्यात आला आणि आयांचं काम आणखी हलकं झालं. दमून आलेल्या माणसाला लवकर व्हावं, मुलांनी कुरकुर न करता खावं आणि थोड्या मांसात जास्त माणसं जेवावीत, ही गरज बेळगावात काय आणि आयोवात काय, सारखीच.

आता माझी पद्धत सांगतो. पाच माणसांना अर्धा किलो मटणाचा खिमा पुरतो. खांद्याचं मांस मागा, थोडी चरबी राहू द्या. अगदी कोरडं मांस शिजून चरबरीत होतं. मटणवाल्याला मांस आधी धुवायला आणि मग ओंडक्यावर सुऱ्यानं बारीक करायला सांगा. खिमा करून झाल्यावर धुतला, तर पाणी धरून बसतो आणि कढईत परतायच्या ऐवजी उकडत राहतो. पहिल्या बुधवारी मी नेमकं हेच केलं. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, "दवाखान्यातल्यासारखा झालाय." पण ताटली रिकामी केली.

मोठ्या कढईत चार चमचे तेल तापवून तमालपत्र, दालचिनीचा तुकडा आणि चार लवंगा टाकायच्या. चार मोठे कांदे अगदी बारीक चिरून मध्यम आचेवर चांगले तपकिरी होईपर्यंत परतायचे. याला बारा ते पंधरा मिनिटं लागतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. मग दीड चमचा आलं-लसणाचं वाटण, हळद, धने-जिऱ्याची पूड, घरचं मसाल्याचं तिखट आणि रंगासाठी थोडी ब्याडगी मिरचीची पूड. मसाला करपतोय असं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. चार पिकलेले टोमॅटो चिरून घाला, मीठ टाका, आणि कडेनं तेल सुटेपर्यंत परता.

इथवर कढईत मांसाचा कणही पडलेला नाही, ही गोष्ट तिसऱ्या-चौथ्या बुधवारी माझ्या डोक्यात आली. तोवर मी पडवीत एक मसाला करत होतो आणि बायको बँकेतून साडेसातला येऊन स्वयंपाकघरात स्वतःसाठी दुसरी भाजी फोडणीला टाकत होती. कांदा तोच, टोमॅटो तेच, मसाला तोच. मी तिला विचारलं, "मसाला तुझ्या कढईत, तुझ्या ओट्यावर केला तर? खिम्यापुरता काढून मी पडवीत नेईन. उरलेल्यात तुझा बटाटा-वाटाणा." ती क्षणभर थांबली. "उलथणं इकडचं तिकडं जायचं नाही," एवढंच म्हणाली. 

तेव्हापासून असंच चालतं. मसाल्याचे दोन भाग पडवीतल्या कढईत जातात, एक भाग तिच्या कढईत राहतो. पडवीत खिमा घालून आच मोठी करायची आणि उलथण्यानं गोळे मोडत राहायचं. रंग पालटून सुटलेलं पाणी आटलं, की एक पेला गरम पाणी घालून झाकण ठेवायचं. मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. चिकनचा खिमा असेल तर पंधरा मिनिटं पुरे. शेवटची पाच मिनिटं राहिली, की मूठभर मटार. पावाबरोबर खायचा खिमा फार पातळ नको आणि सुकाही नको. कढईच्या तळावर उलथणं ओढून पाहा. पडलेली वाट हळूहळू मिटली पाहिजे. लगेच मिटली तर आणखी आटवा, मिटलीच नाही तर गरम पाणी घाला. उतरवताना गरम मसाला, कोथिंबीर आणि लिंबू.

इकडे दुसऱ्या कढईत तीन उकडलेले बटाटे कुस्करून आणि वाटीभर वाटाणे घालून तेवढ्याच वेळात तिचंही तयार होतं. पाव तव्यावर किंचित लोणी लावून भाजायचे; ते काम मुलाचं. कॅम्पातल्या बेकरीतून लादी आणण्याचं काम मुलीचं. सव्वा तासात पाच माणसं एका वेळी जेवायला बसतात. बुधवारी हे आमच्याकडे कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं. "अव्वा, इन्ना स्वल्प हाक" आणि "आजी, अजून एक पाव घे" ही दोन वाक्यं एकाच वेळी ऐकू येतात. आईचं वजन पुन्हा अडीच किलोनं वाढलं आहे. पाव ती अजूनही जेवण मानत नाही, पण दोन खाते.

गेल्या बुधवारी परीक्षेच्या कामामुळे मला कॉलेजातच पावणेआठ वाजले. खिमा सकाळीच आणून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवला होता. आता उशीर झाला, आज आईला दूध-भातच, असं मनाशी म्हणत घरात शिरलो. तर कांद्याचा वास दारापर्यंत आलेला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसली होती आणि सांगत होती, "अजून झाला नाही गं. आणखी लाल होऊ दे." ओट्यापाशी बायको होती, बँकेतल्याच साडीत. "आयतु अत्ती, आयतु," असं म्हणत परतत होती.

मी हातपाय धुऊन पडवीत गेलो. जर्मनच्या कढईत मसाला वाढून ठेवलेला होता, वर झाकण. तिनं आतूनच हाक मारली, "री, अलीकडचं माझं झालं. खिमा तुम्ही घाला."

ती खिम्याला हात लावत नाही आणि लावावा असं मला वाटतही नाही. आई तिला तसं कधी सांगणार नाही. पण तिच्या हद्दीपर्यंतचं सगळं तिनं केलं होतं. मी शेगडी पेटवली.