उलटं वाचायचं मैदान

17 जुलै 2022. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी गोल्फच्या 150व्या ओपन स्पर्धेचा शेवटचा दिवस. आपल्याकडे रात्रीची जेवणं उरकली होती आणि टीव्हीवर ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ सतराव्या होलवर अडकला होता. चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, अलीकडे डाव्या हाताला पडलेला, पलीकडे झेंडा आणि दोघांच्या मधे रोड बंकर. हा बंकर म्हणजे आडासारख्या उभ्या भिंतींचा वाळूचा खड्डा. चेंडू त्याच्यावरून उचलून टाकावा, तर जरा जास्त लागला की थेट मागच्या डांबरी रस्त्यावर. स्मिथनं पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, काढला. झेंडा सोडून भलतीकडेच नेम धरला आणि बंकरच्या काठाकाठानं, चढावरून वळसा घालत चेंडू ग्रीनवर घरंगळत नेला. उरलेले दहाएक फूट एका फटक्यात संपवले. पार, म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, वाचला आणि पुढे एका फटक्याच्या फरकानं तो स्पर्धाही जिंकला.

सेंट अँड्र्यूजच्या या मैदानाची, ओल्ड कोर्सची, सगळी विद्या त्या वळशात आहे. इथे झेंडा दिसला म्हणून झेंड्याकडे मारत नाहीत. आधी ग्रीनवर झेंडा कुठे रोवलाय ते पाहायचं, मग त्याच्याकडे सोपा फटका कुठून जाईल ती जागा ठरवायची आणि पहिला फटका त्या जागेसाठी मारायचा. कॅरम खेळणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. समोरची सोंगटी घेताना स्ट्रायकर कुठे थांबेल आणि पुढची कुठून लागेल, याचा हिशेब त्याच्या डोक्यात आधीच झालेला असतो.

हे मैदान कुणी कागदावर आखून बांधलेलं नाही. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडांवर शतकानुशतकं लोक खेळत आले आणि वाटा पडत गेल्या. त्याच वाटेनं जायचं आणि परत यायचं. एका फेरीत पूर्वी 22 होल होते. 1764 साली सुरुवातीच्या चारांचे दोन केले; ते जाताना आणि येताना दोन्हीकडे कमी झाले आणि 18 उरले. आज जगभर गोल्फच्या फेरीत अठराच होल का, याचं उत्तर इथे आहे. ग्रीनही सामायिक. फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांना स्वतंत्र ग्रीन आहे; बाकी सात ग्रीनवर दोन-दोन झेंडे, आणि प्रत्येक जोडीची बेरीज 18. पाचव्या आणि तेराव्याचं ग्रीन तर पाऊण एकराहून मोठं आहे. ग्रीनवर पोहोचलात म्हणून हुश्श केलंत आणि झेंडा पलीकडच्या टोकाला असला, तर पटरनंच लांब प्रवास करावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात हे मैदान उलट दिशेनंही खेळलं जाई: पहिल्या टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, सतराव्या ग्रीनकडे, अठराव्यावरून सोळाव्याकडे, असं. बाराव्या होलवर त्याचा हिसका कळतो. टीवर उभं राहून पाहिलं तर समोर निर्धोक हिरवळ. चेंडू मात्र तिथेच गडप होतो. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्याच्या, मधोमध बंकर आहेत आणि त्यांची तोंडं पलीकडे आहेत. उलट बाजूनं येणाऱ्याला ते लख्ख दिसत. जाणता खेळाडू इथे एकतर त्यांच्या अलीकडे थांबतो, नाहीतर बाजूनं काढतो. नवख्याला सामान वाहणाऱ्या कॅडीच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो.

पहिला होल दिसायला सगळ्यांत भोळा. पहिल्या आणि अठराव्याचा फेअरवे एकच, त्यामुळे रुंदी प्रचंड आणि बंकर एकही नाही. तरी 1991चा ओपन विजेता इयन बेकर-फिंच याचा चेंडू 1995 साली इथून डावीकडे, अठरावा ओलांडून, थेट हद्दीबाहेर गेला होता! खरी मेख पुढे आहे. ग्रीनला अगदी खेटून स्विलकन नावाचा ओहोळ वाहतो. म्हणून टीवर ताकद दाखवायची नाही. दुसरा फटका हुकमी अंतराचा उरेल इतकंच मारायचं आणि झेंडा पाण्याजवळ असला तर बेधडक त्याच्या मागे टाकायचं. ग्रीनच्या मागच्या अंगाला उतरून दोन पट घ्यायला लाज कसली?

दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सूत्र बरंचसं एकच. उजवीकडे गॉर्सची काटेरी झुडपं, डावीकडे मोकळं रान. भित्रा डावीकडे मारतो. त्याचा चेंडू सापडतो, पण तिथून ग्रीन वाकडं दिसतं आणि बंकर आडवे येतात. झुडपांच्या जवळून मारणाऱ्याला पुढचा रस्ता उघडा मिळतो. मग सातव्यापासून अकराव्यापर्यंत मैदान स्वतःभोवती गाठ मारतं. सातवा आणि अकरावा एकमेकांना चक्क छेदून जातात. नववा-दहावा आखूड असल्यानं फटके वाचवायचे असतील तर इथेच. स्मिथनं त्या दिवशी दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत सलग पाच बर्डी, म्हणजे पारपेक्षा एकेक फटका कमी, केल्या होत्या.

अकरावा जेमतेम पावणेदोनशे यार्डांचा. मागे ईडन नदीची खाडी, तिथला वारा, समोर स्ट्राथ बंकर, डावीकडे हिल बंकर, आणि ग्रीन मागून पुढे घसरतं. झेंड्याच्या वरच्या अंगाला चेंडू राहिला की पट थांबवता थांबत नाही. म्हणून झेंड्याच्या खालीच राहायचं, तीस फुटांवर का होईना. 1921 साली एकोणीस वर्षांचा बॉबी जोन्स इथे हिल बंकरमध्ये अडकला आणि वैतागून फेरी सोडून बसला. सहा वर्षांनी त्यानं याच मैदानावर ओपन जिंकली. पुढे अॅलिस्टर मॅकेन्झीबरोबर त्यानं अमेरिकेत ऑगस्टाचं मैदान उभारलं. मॅकेन्झीनं ओल्ड कोर्सची मापं घेऊन 1924 साली त्याचा नकाशा काढला होता, त्यामुळे ऑगस्टाच्या रुंद फेअरवेंमध्ये या गावाचा वास येतो तो उगाच नाही.

चौदावा लांबलचक, पार पाच. उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बिअर्डीज बंकर, मधे एलिशियन फील्ड्स नावाचा सपाट पट्टा. त्या पट्ट्यात उतरलात की पुढ्यात हेल बंकर, म्हणजे नरक. 1995 साली जॅक निक्लॉसला त्यातून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या होलवर दहा झाले. यावर उपाय म्हणजे दुसरा फटका डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेवर मारणं. शेजाऱ्याच्या अंगणातून आपल्या घरी जाण्यासारखंच हे, पण इथे कुणी हटकत नाही. टायगर वुड्सनं 2000 सालच्या ओपनमध्ये असेच नेम धरत 72 होल पार केले आणि एकदाही वाळूत पाय ठेवला नाही. जिंकला आठ फटक्यांनी.

सोळाव्यावर ‘प्राचार्यांचं नाक’ नावाचा बंकरसमूह मधोमध फुगलेला आहे. नाक आणि उजवीकडची हद्द यांच्यामधली चिंचोळी वाट मोहात पाडते. डावीकडून जावं तर विग बंकर ग्रीन अडवतो. माझं मत विचाराल तर नाकाला डावलून डावीकडूनच जावं. एक फटका वाढेल कदाचित, दोन वाढणार नाहीत.

आणि सतरावा. इथे पहिला फटकाच आंधळा: हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारायचा. हे शेड जुन्या रेल्वे शेडची आठवण म्हणून ठेवलंय. उजवीकडे हद्द, तिच्या जितकं जवळ, तितका पुढचा कोन बरा. ग्रीन उंच, तिरपं आणि अरुंद, पुढे रोड बंकर, मागे रस्ता आणि दगडी भिंत. रस्त्यावर पडलेला चेंडू रस्त्यावरूनच खेळायचा. 1978 साली जपानचा टॉमी नाकाजिमा ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पट वळून बंकरमध्ये उतरला आणि होलवर नऊ झाले. 1984 साली टॉम वॉटसनचा दुसरा फटका ग्रीनपलीकडे भिंतीशी गेला. त्याच सुमारास पुढे अठराव्यावर सेव्हे बायेस्तेरोसनं बर्डी केली आणि ओपन त्याची झाली. शहाणे खेळाडू इथे ग्रीनच्या पुढच्या उजव्या तोंडाशी चेंडू ठेवतात आणि चार फटक्यांवर समाधानानं चालू पडतात.

अठराव्यावर क्लबहाउसच्या घड्याळाकडे नेम धरायचा. ग्रीनच्या पुढ्यात ‘व्हॅली ऑफ सिन’ नावाची खोलगट जागा आहे. आखूड पडलेला चेंडू तिथेच परत येतो. 1995 साली इटलीच्या कोस्तान्तिनो रोक्कानं ग्रीनकडचा फटका वाया घालवला, आणि मग त्याच खोलगट जागेतून साठ-एक फुटांचा पट टाकून बरोबरी साधली. प्लेऑफ मात्र जॉन डॅलीनं जिंकला. 1970 साली डग सँडर्सला इथे जेमतेम तीन फुटांचा पट जमला नाही, नाहीतर ओपन त्याची होती.

मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी मैदान खेळासाठी बंद असतं. गावातले लोक कुत्री घेऊन स्विलकनच्या दगडी पुलावरून अठराव्याच्या फेअरवेवर उतरतात आणि पोरं व्हॅली ऑफ सिनमध्ये गडगडत लोळतात.