असेंबल्ड संगणकाचे आरंभ-दोषनिदान

सुटे भाग विकत घेऊन घरी जुळवलेला, किंवा एखाद-दुसरा भाग बदलून पुन्हा जुळवलेला संगणक सुरू होत नसेल, तर त्याचे कारण क्रमाक्रमाने शोधून काढण्याच्या पद्धतीस आरंभ-दोषनिदान म्हणता येते. अशा बिघाडात एखादा भाग खरोखर निकामी झालेला असतोच असे नाही. न बसलेली जोडणी, चुकीच्या खाचेत बसवलेली रॅम, नव्या प्रोसेसरला न ओळखणारे जुने फर्मवेअर अशी साधी कारणेही वारंवार आढळतात. त्यामुळे कोणताही भाग बाद ठरवण्यापूर्वी संगणक आरंभाच्या कोणत्या टप्प्यावर थांबला आहे, हे ठरवणे हा या पद्धतीचा गाभा होय.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. सुरू होताच स्वतःच्या भागांची तपासणी करण्याची सोय त्यात होती. तिला पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट, संक्षेपाने 'पोस्ट', असे म्हणतात. तपासणी निर्विघ्न पार पडली की एक आखूड 'बीप' ऐकू येई. एक लांब व दोन आखूड बीप आल्यास पडद्याशी संबंधित कार्डात दोष असल्याचे समजे. पुढे इतर उत्पादकांनी आपापले ध्वनिसंकेत ठरवले. ते एकसारखे नसल्याने त्यांचा अर्थ त्या-त्या मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहावा लागतो.

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्ड, कॅबिनेट व पॉवर सप्लाय यांच्या आकाराचे व जोडण्यांचे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकत्र जुळवणे सुलभ झाले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीतील नेहरू प्लेस यांसारख्या बाजारांत सुटे भाग घेऊन जुळवलेल्या अशा संगणकास बोलीभाषेत 'असेंबल्ड' संगणक म्हणतात.

आरंभाची प्रक्रिया

भिंतीवरील बटण चालू करताच पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा देऊ लागतो. कॅबिनेटवरील कळ दाबल्यावर मदरबोर्डवरील दोन पिना क्षणभर जोडल्या जातात व मदरबोर्ड पॉवर सप्लायला पूर्ण पुरवठा सुरू करण्याचा संकेत देतो. ३.३, ५ व १२ व्होल्टचे दाब स्थिर झाले की पॉवर सप्लाय उलट संकेत पाठवतो. त्यानंतरच प्रोसेसर मोकळा होऊन फर्मवेअरमधील पहिली आज्ञा वाचतो. या फर्मवेअरला पूर्वी बायोस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआयने घेतली असली, तरी जुने नाव व्यवहारात टिकून आहे.

फर्मवेअर प्रथम प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स आणि शेवटी साठवणीची साधने या क्रमाने भाग कार्यान्वित करते. ग्राफिक्सची पाळी रॅमनंतर येत असल्याने प्रोसेसर अथवा रॅममधील दोषाची सूचना पडद्यावर दिसू शकत नाही. म्हणूनच मदरबोर्डवर बीपसाठी ध्वनक, दोन आकडी सोळामान संकेत दाखवणारी छोटी पट्टी, किंवा प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट या नावांचे चार दिवे दिलेले असतात. ज्या नावाचा दिवा पेटून राहतो, तेथे आरंभ अडकलेला असतो.

लक्षणांनुसार निदान

संगणक पूर्णतः निश्चल असणे: पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, अशा वेळी पुरवठ्याची साखळी पाहिली जाते. भिंतीवरील सॉकेट, पॉवर सप्लायच्या मागील बटण, २४ पिनांची मुख्य जोडणी आणि कॅबिनेटच्या कळीची दोन पिनांची तार असा तपासणीचा क्रम असतो. कळीच्या तारेला धन-ऋण भेद नसतो, परंतु ती शेजारच्या पिनांवर बसल्यास कळ दाबूनही काही घडत नाही. कळ सदोष असल्याचा संशय असल्यास तार काढून त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवून खात्री करून घेता येते.

सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडणे: यामागे बहुधा लघुपरिपथ अथवा अतिउष्णता असते. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून अधांतरी राहावा म्हणून त्याखाली पितळी स्टँडऑफ लावतात. मदरबोर्डला जेथे छिद्र नाही, तेथे राहिलेला एखादा जादा स्टँडऑफ पाठीमागील विद्युतमार्गांना टेकून लघुपरिपथ घडवतो. आत सांडलेल्या स्क्रूमुळेही तेच होते. कूलर नीट न दाबला जाणे किंवा त्याच्या तळावरील प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहणे ही अतिउष्णतेची परिचित कारणे आहेत.

पंखे फिरतात, पण पडदा काळा: हे बुचकळ्यात टाकणारे लक्षण आहे, कारण पंखे फिरण्यासाठी प्रोसेसर चालू असण्याची गरज नसते. प्रोसेसरला १२ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा चार किंवा आठ पिनांच्या जोडणीतून मिळतो. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात असल्याने जुळणीत विसरली जाते. रॅमची पट्टी दोन्ही टोकांनी पूर्ण बसलेली नसणे हे दुसरे कारण. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. डीडीआर५ रॅम असलेल्या यंत्रणेत पहिल्या आरंभी रॅमची जुळवणी होण्यास काही मिनिटे लागू शकतात. तो काळ बिघाड समजून पुरवठा तोडू नये.

मॉनिटरची तार कोठे जोडली आहे, हेही पाहावे लागते. इंटेलच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांत अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा संगणकात तार मदरबोर्डला जोडल्यास सर्व भाग ठणठणीत असूनही चित्र उमटत नाही; ती ग्राफिक्स कार्डालाच जोडावी लागते. केवळ प्रोसेसर बदलला असल्यास फर्मवेअरची आवृत्ती तपासावी लागते. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये अनेक पिढ्यांचे प्रोसेसर बसतात, मात्र जुन्या फर्मवेअरचा मदरबोर्ड नव्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाही. काही मदरबोर्डवर प्रोसेसरविना, केवळ यूएसबी पेनड्राइव्हवरून फर्मवेअर अद्ययावत करण्याची सोय असते.

पोस्ट पूर्ण, पण प्रणाली सुरू न होणे: उत्पादकाचे बोधचिन्ह दिसून संगणक तेथेच थांबत असेल, तर प्रोसेसर, रॅम व ग्राफिक्स प्राथमिक चाचणीत उतरले आहेत असे समजावे. नव्या मदरबोर्डवर बूट-क्रम बदललेला असू शकतो. जुन्या पद्धतीने विभागलेली डिस्क केवळ यूईएफआय पद्धतीवर ठेवलेल्या मदरबोर्डवरून सुरू होत नाही. काही मदरबोर्डवर एम.२ खाचेत डिस्क बसवल्यास ठरावीक साटा जोडण्या आपोआप बंद होतात आणि पूर्वीची डिस्क 'हरवल्यासारखी' वाटते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या जोडणीवर लावल्यास दिसू लागते.

किमान जुळणी

लक्षणांवरून कारण हाती न लागल्यास मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवतात. त्यावर केवळ प्रोसेसर, कूलर, रॅमची एक पट्टी व आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड बसवून पुरवठा देतात. या अवस्थेत पोस्ट पूर्ण झाल्यास दोष कॅबिनेट, स्टँडऑफ किंवा काढून ठेवलेल्या भागांत असतो. न झाल्यास संशय या मोजक्या भागांपुरता मर्यादित होतो. त्यानंतर एका वेळी एकच भाग जोडून अथवा बदलून पाहतात. दोन बदल एकदम केल्यास संगणक सुरू झाला तरी खरे कारण अज्ञातच राहते.

फर्मवेअरमधील मांडणी मूळ स्थितीत आणणे हाही या टप्प्याचा भाग होय. त्यासाठी पुरवठा पूर्ण तोडून मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटण-बॅटरी काही मिनिटे काढतात, किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना जोडतात. पॉवर सप्लायचे दाब मीटरने मोजल्यास ते नियत मूल्याच्या ५ टक्के आत असावेत. म्हणजे १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट.

विदेची सुरक्षितता

दुरुस्तीच्या धांदलीत संगणकापेक्षा त्यातील विदा अधिक धोक्यात येते. भाग पुन्हा विकत घेता येतात. छायाचित्रे, प्रबंध व हिशेब परत मिळतीलच असे नाही. विंडोज प्रणालीत डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असल्यास तिची किल्ली बहुधा टीपीएम या सुरक्षा-घटकाशी बांधलेली असते. मदरबोर्ड बदलल्यास, आणि टीपीएम फर्मवेअरस्वरूपात असेल तर प्रोसेसर बदलल्यासही, प्रणाली ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते. एएमडीच्या काही यंत्रणा नवा प्रोसेसर आढळताच टीपीएम पुसण्याची अनुमती विचारतात. पुनर्प्राप्ती-किल्ली हाताशी नसताना ती अनुमती दिल्यास आणि जुनी किल्ली अन्यत्र नोंदलेली नसल्यास डिस्क निर्दोष असूनही तिच्यातील मजकूर वाचता येत नाही. म्हणून भाग सोडवण्यापूर्वी विदेची प्रत काढणे व किल्ली कागदावर उतरवून ठेवणे आवश्यक मानले जाते.

दुसरा धोका तारांचा. सुटसुटीत तारांच्या, म्हणजे मॉड्युलर, पॉवर सप्लायमध्ये तारेचे उपकरणाकडील टोक प्रमाणित असते. पॉवर सप्लायकडील टोकातील पिनांचा क्रम मात्र उत्पादकानुसार, कधी एकाच उत्पादकाच्या मालिकेनुसारही, बदलतो. पॉवर सप्लाय बदलताना जुन्या तारा तशाच ठेवल्यास ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळू शकते.

घ्यावयाची दक्षता

कोणताही भाग काढण्या-बसवण्यापूर्वी भिंतीवरील पुरवठा बंद करून कळ एकदा दाबावी, म्हणजे उरलेला भार निघून जातो. स्थिरविद्युत टाळण्यासाठी धातूच्या मोकळ्या पृष्ठभागास स्पर्श करतात किंवा भूसंपर्कित मनगटपट्टा वापरतात. पॉवर सप्लायचे आवरण मात्र घरी उघडू नये. भारतातील २३० व्होल्टचा पुरवठा तोडल्यानंतरही त्यातील धारित्रांत घातक दाब काही काळ शिल्लक राहतो; त्यामुळे पॉवर सप्लाय सदोष ठरल्यास तो दुरुस्त करत न बसता बदलणेच इष्ट असते.