भंगारात निघालेलं नेटबुक

"भंगारवाला शंभर रुपये देते म्हणे, देऊन टाकू काय?" दिवाळीत वाशिमला घरी गेले, तर बाबांचा पहिला प्रश्न हा! कपाटातलं 2009 सालचं नेटबुक: अ‍ॅटम एन270, जेमतेम 1 जीबी रॅम. त्यातल्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट 2014मध्येच संपला. पण आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईनं त्यातच टाइप केल्या होत्या. आजी आता नाही.

आधी सगळ्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग 32 बिटचं डेबियन 12 टाकलं. (नवं 13 या मशीनवर चालत नाही, सांभाळा!) डेस्कटॉप एलएक्सडीई, एकदम हलका. झेडरॅम लावलं, म्हणजे आहे त्या रॅममध्येच डेटा दाबून बसवायचा. स्क्रीनची उंची 600 पिक्सेल, त्यामुळे 'ओके'चं बटण खाली गायब! ऑल्ट दाबून विंडो वर ओढायची, बस्स.

ओव्यांची फाइल उघडली, तर नुसती एबीसीडीची खिचडी. तेव्हाचा मराठी फॉन्ट युनिकोड नव्हताच ना! नशीब, एक्सपीचं फॉन्ट्स फोल्डरही उचललं होतं. तोच फॉन्ट लिनक्समध्ये टाकला आणि अक्षरं उमटली.

आई चष्मा शोधत आली. "थांब वं, समोरची ओळ मले येते."