दुचाकी बोटीवर, मर्जी काठाची

शिडाच्या बोटीतून देशोदेशी फिरणाऱ्यांना बंदरात उतरलं की चाकं हवी असतात. मग एखादी स्कूटर बोटीवरच का ठेवू नये? या साध्या वाटणाऱ्या कल्पनेत तोल, पेट्रोल, मीठ, कस्टम्स आणि धक्का असे पाच हिशेब दडलेले आहेत.

नेदरलँड्स किंवा जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी थोडा वेळ थांबलं, तरी मालवाहू बार्जेसची ये-जा दिसते. ११० ते १३५ मीटर लांबीची पोलादी बोट, पोटात वाळू, कोळसा नाहीतर धान्य, आणि पिछाडीला ती चालवणाऱ्या कुटुंबाचं घर. खिडकीला पडदे, बाहेर फुलांच्या कुंड्या आणि घराच्या छपरावर चक्क एक मोटारगाडी. शेजारी तिला उचलायची छोटी क्रेन. बोट धक्क्याला लागली की गाडी उचलून काठावर ठेवायची, बाजारहाट किंवा डॉक्टरांची भेट उरकायची, गाडी पुन्हा छपरावर आणि बोट पुढच्या मुक्कामाला. नेदरलँड्समध्ये तर बार्जवाल्यांना गाडी उतरवता यावी म्हणून काठावर खास जागा राखून ठेवलेल्या असतात.

त्याच युरोपात दक्षिणेला, भूमध्य समुद्रात, बारा मीटरच्या शिडाच्या बोटीत वर्षानुवर्षं राहणारी जोडपी भेटतात. बोट हेच त्यांचं घर. पण त्यांच्या डेकवर गाडी सोडाच, स्कूटरही क्वचितच दिसते. फार तर रेलिंगला बांधलेली, कापडात गुंडाळलेली घडीची सायकल. बार्जवर मोटार मावते आणि इथे स्कूटर नको होते, याचं कारण बोटीच्या आकारात आहे असं वाटतं. ते अर्धंच खरं आहे.

गरज खरीच आहे

बोटीतून फिरणाऱ्या माणसाचे बंदरातले दिवस मजेचे कमी आणि कामाचे जास्त असतात. गॅसची टाकी भरायची, इंजिनाचा फिल्टर शोधायचा, आठवड्याची भाजी आणि किराणा आणायचा, धुण्याचं गाठोडं न्यायचं. लाटा अडवणारा बांध आणि मोकळी जागा लागते म्हणून नवी मरिना बऱ्याचदा गावाबाहेर उभी राहते. दुकानं तीन-चार किलोमीटर लांब असतात आणि परतीच्या वाटेवर हातात ओझं असतं.

फ्रान्सच्या कालव्यांवर फिरणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांच्यापैकी अनेकांची गाडी काठावर उभी असते आणि बोट पुढे जात राहते. कालव्यात वेगमर्यादा ताशी सहा किंवा आठ किलोमीटरची. त्यात जागोजागी लॉक, म्हणजे दोन दरवाजांमध्ये बोट कोंडून पाणी भरून किंवा सोडून तिला वर-खाली नेण्याची सोय. दिवसभरात पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी खूप. संध्याकाळी बोट बांधल्यावर घरातल्या कुणीतरी मागे जाऊन गाडी आणायची असते. बोटीवर मोपेड असेल तर हे काम तासाभराचं. कालव्यालगतची जुनी वाट मात्र मोपेडला चालत नाही. पूर्वी घोडे या वाटेवरून बोटी ओढत. आता परवान्याशिवाय तिथे मोटारवाहनाला मनाई आहे. सायकलवाला सरळ जातो, मोपेडवाल्याला रस्त्याचा वळसा पडतो.

घडीची दुचाकी: विमानातून बोटीकडे

वाहनाच्या पोटात मावेल अशी दुचाकी बनवण्याचा खटाटोप जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘वेलबाइक’ बनवली. पॅराशूटनं सामान टाकायच्या नळकांड्यात बसेल अशी, ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाची आणि फक्त ३२ किलोंची. हँडल आणि सीट खाली दुमडत. चाकं एवढी लहान की खडबडीत जमिनीवर ती अडखळे. युद्धानंतर १९४८ पासून तिचीच नागरी आवृत्ती ‘कॉर्गी’ या नावानं विकली गेली.

१९८१ मध्ये होंडानं ‘सिटी’ या छोट्या मोटारीच्या डिकीत बसणारी ‘मोटोकॉम्पो’ काढली: ४९ सीसी, वजन साधारण ४५ किलो. हँडल, सीट आणि पाय ठेवायचे दांडे दुमडले की उरे एक चौकोनी पेटी. आडवी ठेवली तरी पेट्रोल सांडू नये याची काळजी तिच्या रचनेतच घेतलेली होती. बोटवाल्यांना ती आजही हवीहवीशी वाटते ती याच गुणामुळे. सिसिलीतल्या दी ब्लासी कंपनीनं त्याहून हलकी, तीस किलोंच्या आसपासची ५० सीसीची घडीची मोपेड बनवली.

आपल्याकडच्या वाचकाला हे वजन लुनावरून समजेल. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकनं आणलेली लुना ही पियाज्जोच्या ‘चाओ’ या इटालियन मोपेडवर बेतलेली होती. दोन माणसांनी उचलून ओटीवर ठेवावी इतपतच तिचा भार. आजची ॲक्टिव्हा किंवा स्प्लेंडर मात्र शंभर किलोच्या पुढे जाते. बोटीवर खरा फरक पडतो तो या दोन वजनांमध्ये.

शंभर किलो म्हणजे नक्की किती?

दहा टनांची शिडाची बोट घेऊ. शंभर किलोची स्कूटर तिच्या मध्यरेषेपासून दीड मीटरवर, रेलिंगजवळ बांधली, तर एरवीच्या स्थैर्याची बोट एका अंशाहूनही कमी कलेल. चहाचा कप जागचा हलणार नाही. म्हणजे नुसतं वजन बोट बुडवत नाही. अडचण ते वजन चढवताना, उतरवताना आणि लाटांत असताना होते.

स्कूटर चढवायला क्रेन नसते, म्हणून डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कपीतून जाणारा शिडाचा दोर वापरतात. इथे एक भौतिक नियम आडवा येतो. लटकतं वजन बोटीच्या तोलाच्या दृष्टीनं जिथून टांगलंय तिथे असल्यासारखं वागतं. स्कूटर डेकपासून वीतभर उचलली की तिचं शंभर किलो वजन क्षणात पंधरा मीटर उंच शेंड्यावर जाऊन बसतं आणि बोटीची सरळ राहण्याची ताकद तेवढ्या वेळापुरती घटते. बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, आधारानं ती तीन मीटर बाहेर नेली की बोट दोनेक अंश तिच्याकडे झुकते. शांत बंदरात हेही चालून जातं. पण नेमकी त्याच वेळी फेरीबोटीची लाट आली तर शंभर किलोचा लंबक डोलू लागतो. तो आवरायला बाजूनं दोर लावलेले नसतील तर आधी रेलिंग वाकतं आणि मग माणूस जखमी होतो.

चढवली तरी ठेवायची कुठे? बहुतेकांना पिछाडी सोयीची वाटते. तिथे वजन ठेवलं की बोट मागे बसते, नाळ वर उचलली जाते आणि वेग घटतो. शिवाय वजन बोटीच्या मध्यापासून जितकं दूर, तितकी ती लाटेवर पुढे-मागे जास्त वेळ डुलत राहते, आणि हा परिणाम अंतराच्या वर्गानं वाढतो. मध्यापासून पाच मीटरवरचं वजन एका मीटरवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा पंचवीसपट त्रास देतं. दोन धडांच्या कॅटमरानवर जागा ऐसपैस असते, पण ती बोट हलकी असते म्हणूनच वेगानं जाते. तिच्यावर सामान लादत गेलं तर ती कशासाठी घेतली हाच प्रश्न पडतो.

खुल्या समुद्रात डेकवर लाट फुटते तेव्हा एका घनमीटर पाण्याचं वजन टनापेक्षा जास्त असतं. स्कूटर रेलिंगच्या खांबांना बांधणं म्हणजे खांबांसकट ती गमावायची तयारी ठेवणं. आरपार बोल्ट आणि खालून पोलादी पट्टी देऊन बसवलेल्या कड्या हव्यात. महासागर ओलांडताना डेकवर जितकं कमी, तितकं बरं.

कालव्यावरच्या पन्नास-साठ टनी जुन्या डच बार्जला यातलं काहीच लागू होत नाही. पाणी सपाट, डेक पोलादी आणि रुंद. शंभर किलो म्हणजे तिच्या वजनाच्या पाचशेव्या भागाइतकं.

पेट्रोल, मीठ आणि बॅटरी

बोटीचं मुख्य इंजिन बहुधा डिझेलवर चालतं, आणि त्यामागे कारण आहे. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी जमायला पन्नास अंशांच्या वर तापमान लागतं. पेट्रोलची वाफ उणे चाळीसलाही ठिणगीची वाट बघत असते. ती हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्यानं खाली उतरते आणि बोटीच्या तळात, जिथे वारा पोचत नाही आणि पाणी उपसायचा पंप ठिणगी पाडू शकतो, तिथे साचते. म्हणून पेट्रोलची दुचाकी केबिनमध्ये ठेवायची नसते. ती डेकवरच, टाकी शक्यतो रिकामी करून.

आणि डेकवर मीठ असतं. खाऱ्या हवेत साखळी, स्पोक, ब्रेकची तबकडी आणि वायरींचे जोड महिन्याभरात हिरवट-तांबूस होतात. ॲल्युमिनियमच्या भागात स्टीलचा बोल्ट असेल तर मिठाच्या ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. उपाय एकच: गोड्या पाण्यानं धुणं. बोटीच्या टाकीत माणसांना पिण्यासाठीच तीन-चारशे लिटर पाणी असतं. त्यातलं स्कूटरला किती द्यायचं यावरून घरात वाद होतात. वरून घट्ट कव्हर घातलं तर ओल आतच कोंडते.

विजेवर चालणारी छोटी वाहनं हा नवा मोह. होंडानंच २०२३ मध्ये ‘मोटोकॉम्पॅक्टो’ नावाची सुमारे १९ किलोंची विजेची घडीची स्कूटर आणली. पेट्रोल नाही, वास नाही. पण लिथियम बॅटरी एकदा आतून तापत गेली की साध्या अग्निशामकानं विझत नाही, आणि बोटीवरून पळून जायला जागा नसते. चार्जिंग उघड्यावर, माणूस जागा असताना, आणि मिठाचं पाणी लागलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, एवढी शिस्त पाळावीच लागते.

बोटीला अठरा महिने, स्कूटरला सहा

समुद्र ओलांडला की कायद्याला बोट आणि स्कूटर ही दोन वेगळी वाहनं दिसतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची खासगी बोट संघात कर न भरता अठरा महिने राहू शकते. त्याच मालकाची खासगी स्कूटर मात्र सहाच महिने. बोटीत बसून आली म्हणून तिला बोटीची सवलत मिळत नाही. तिला स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा, वेगळा विमा हवा आणि चालवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्याकडे हा परवाना आरटीओ देतं आणि तो एक वर्षाचा असतो.

भारत, इजिप्त अशा देशांत वाहन तात्पुरतं न्यायला ‘कार्ने’ लागतं: वाहन विकणार नाही, परत नेऊ, अशी हमी देणारं पुस्तक. त्यासाठी मोठी रक्कम अडकून पडते. गाडी परदेशी घेऊन जाणाऱ्या मुंबईकरांना ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतं. वर्षात पाच-सहा देशांत थांबणाऱ्या बोटीला हा कागदी संसार झेपत नाही. शिवाय ग्रीसची बेटं असोत वा गोवा, बंदराबाहेर भाड्याच्या स्कूटर उभ्याच असतात. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले की ती भाड्याची. दिवसाचं भाडं भरणं हे वर्षभर शंभर किलो वाहण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

शेवटचे दोन मीटर

एवढं करूनही स्कूटर काठावर पोचते की नाही, हे त्या धक्क्यावर अवलंबून असतं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक बहुतेक ठिकाणी नगण्य, म्हणून तिथे बोटी पाठ धक्क्याला लावून बांधतात आणि मधे फळी टाकतात. फळी सपाट राहते, त्यामुळे हलकी मोपेड ढकलत नेता येते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. तीच फळी सहा तासांत शिडी होईल. बोट नांगरावर उभी असेल तर मधे रबरी डिंगी. तिच्यात उभी स्कूटर घालून जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांशी झुंजणं ही हौस एकदाच होते.

कोकणानं या शेवटच्या दोन मीटरांचं उत्तर केव्हाच शोधलंय. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटींवर रोज शेकडो दुचाकी चढतात आणि त्यांना कुणी उचलत नाही. फेरीबोटीचा सपाट डेक, पुढचा खाली पडणारा रॅम्प आणि काठावर पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. भरती असो वा ओहोटी, उताराची कुठली तरी पातळी रॅम्पला मिळतेच. गोव्यात दीवार बेटावर जायला फेरीबोटच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २०१० मध्ये जिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती ‘म्हादेई’ याच बेटावरच्या गोदीत बांधली गेली. तिथल्या कामगारालाही मोटारसायकल फेरीबोटीवर घालूनच जावं लागतं. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मुंबई-मांडवा रो-रो सेवाही याच तत्त्वावर चालते, फक्त मोठ्या प्रमाणात.

म्हणून बोट घेऊन फिरणाऱ्याला प्रामाणिक सल्ला एवढाच: नदी-कालव्यात राहायचं असेल आणि बोट जड असेल तर मोपेड खुशाल न्या. समुद्रात जायचं असेल तर दहा-बारा किलोंची घडीची सायकल, आणि त्यापलीकडचं भाड्यानं.

सरकारसाठीही यात एक धडा आहे. २०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले आणि दाभोळची खाडी-वाशिष्ठी हा त्यातला २८ वा. या खाड्यांमध्ये छोट्या बोटींचं पर्यटन आणायच्या चर्चा होतात तेव्हा आधी मरिनाची चित्रं काढली जातात. त्याआधी फेरीबोटीच्या उताराशेजारी पाहुण्या बोटीला बांधायला चार कड्या आणि रात्रीचा एक दिवा लावून द्यावा. ऱ्हाइनकाठच्या कुटुंबाला गाडी नेता येते ती क्रेन असल्यामुळे, आणि तितकीच पलीकडे ती उतरवायची जागा कुणीतरी राखून ठेवल्यामुळे. कोकणात उतार तयार आहेत. त्यांचा उपयोग मुक्कामी येणाऱ्या बोटींनाही होऊ देणं, हे काम फार महागाचं नाही.