लूनाचं इंजिन मुलांच्या हाती

मुलुंड किंवा बोरिवलीच्या सोसायटीत जिन्याखाली जुनी लूना धूळ खात पडली असेल, तर सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन ती जरूर उघडावी. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेल्या या मोपेडचं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन समजायला सोपं आहे.

त्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात इंधन पेटतं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्याने सायलेन्सरच्या वाटेत काजळी साचते.

टाकी मोठ्यांनी रिकामी करावी. मग मुलांनी प्लग घासावा, काजळी खरवडावी, कार्बोरेटरचा जेट हवेच्या पंपाने मोकळा करावा.

रस्त्यावर चालवायला मात्र परवाना हवाच. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी तो १६व्या वर्षापासून मिळतो.