शहराचे सांडपाणी आणि वाडीतला डवरा



मागच्या अंकात आमच्या कातकरी वाडीतल्या जुलाबाच्या साथीविषयी लिहिले होते. नऊ मुले आजारी पडली, दोघांना सलाइन लावावे लागले. देवाच्या कृपेने सगळी घरी परतली. “वाडीतले लोक झऱ्याचे नितळ पाणी पितात, मग साथ आली कशी?” असे काही वाचकांनी विचारले. उत्तर नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यात आहे.

उन्हाळ्यात वाडीतल्या बाया नदीकाठच्या वाळूत हातभर खोल खड्डा करतात. तोच डवरा. त्यात झिरपलेले पाणी स्वच्छ दिसते, कारण वाळू गाळ अडवते. जंतू मात्र सगळे अडत नाहीत. आम्ही डवऱ्यातले पाणी तपासणीच्या बाटलीत भरून ठेवले. मैल्यातले जंतू असले की ही बाटली काळी पडते. आमची दुसऱ्याच दिवशी काळी पडली.

मग मी शहराचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहायला गेले. तिथे मोठी गाळणी असेल, अशी माझी समजूत होती. जाळ्या असतातच, चिंध्या, प्लॅस्टिक त्यात अडकते, पुढच्या टाकीत रेती बसते. पण खरे काम जंतूच करतात! मोठ्या टाकीत यंत्राने सतत हवा सोडतात. त्या हवेवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यात विरघळलेली घाण खातात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुढच्या टाकीत ते तळाशी बसतात. त्यातला थोडा गाळ विरजणासारखा पुन्हा पहिल्या टाकीत घालतात. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही रीत १९१४ साली मांडली. आजही जगभर तीच चालते. शेवटी वरच्या निवळ पाण्यात क्लोरीन घालून ते नदीत सोडतात.

हवा बंद पडली की सगळेच बिघडते. सूक्ष्म जीव गुदमरतात, घाण तशीच राहते, आणि घातलेले क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडते. रोगजंतू मारायला ते उरत नाही. रात्री वीज गेली तर जनरेटर लावत नाहीत, डिझेल परवडत नाही, असे तिथल्या एका कामगाराने मला हळूच सांगितले.

न खाल्लेली घाण मग नदीतले जीव खातात, आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. स्वच्छ पाण्यात एका लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तो निम्म्याखाली गेला की बहुतेक मासे कासावीस होतात. वाडीतल्या आजी मला म्हणाल्या, “ताई, मासा पहाटंला वर येतो, तोंड उघडून.” त्यांचे निरीक्षण अचूक आहे. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. जाळ्यात आता मरळच जास्त येते. तिला वरची हवा घेता येते. बाकीची मासळी कमी झाली, आणि मासळी विकून येणारा बाजाराचा पैसाही.

आणखी एक गोष्ट आहे. घाण खाल्ली गेली तरी मैल्यातले आणि साबणातले नत्र व स्फुरद साध्या केंद्रातून बरेचसे तसेच पुढे जाते. हे तर खतच. वाहत्या नदीत ते फारसे दिसत नाही, साठलेल्या पाण्यात दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनी धरणात जाते. तिथले हिरवे पाणी आणि जलपर्णी पुष्कळांनी पाहिली असेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६. म्हणजे बांधलेली केंद्रेसुद्धा पुरती चालत नाहीत. मला याचाच जास्त राग येतो.

तुमच्या देणगीतून वाडीत क्लोरीनचे थेंब आणि झाकणाचे हंडे दिले आहेत. पाणी उकळा म्हणणे सोपे असते, पण सरपण गोळा करायला बायांचा अर्धा दिवस जातो. हातपंपासाठी जागाही पाहून ठेवली आहे.

आजींनी विचारले, “त्यांची हवा रात्री चालती का, ह्ये कुनाला इचारायचं?” माहितीच्या अधिकारात केंद्राच्या विजेची आणि पाणी तपासणीची नोंदवही मागणारा अर्ज गेल्या सोमवारी दिला. त्यावर अंगठा आजींचाच आहे.