गादीतली धूळ आणि जिनातली धूळ

यवतमाळ, वणी, पांढरकवडा ही कापसाची गावे. येथे कुणाला दम लागला की खापर कापसाच्या धुळीवर फुटते. आम्ही जिनिंगच्या कामगारांत वावरतो, म्हणून सांगतो की या धुळी दोन आहेत.

पहिली घरातली. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे 'माइट' नावाचे जीव गाद्या-उशांत राहतात आणि आपल्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतात. घरातल्या धुळीच्या त्रासाचे मूळ म्हणून १९६४ साली हॉलंडमधील संशोधकांनी यांच्याकडेच बोट दाखवले. माइट चावत नाही. त्याच्या विष्ठेतली प्रथिने श्वासावाटे आत जातात. काहींचे शरीर त्यांना शत्रू समजून प्रतिपिंडे तयार करते. पुन्हा गाठ पडली की पेशींतून हिस्टामिन व तशीच इतर द्रव्ये सुटतात. मग शिंका येतात, नाक गळते, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. दमट हवा माइटला मानवते. म्हणून उन्हाळ्यात गादी कडक उन्हात घालून अंगणात झोडपावी, पण रोग्याने नव्हे. उन्हाने माइट मरतो. विष्ठा झोडपल्यावाचून निघत नाही. चादरी कढत पाण्यात धुवाव्यात.

दुसरी धूळ जिनातली. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळत असेल, तर बिसिनोसिसची शंका घ्यावी. त्यावर गादी झोडपून काय होणार? तेथे धूळ ओढून नेणारी यंत्रेच हवीत.

तेव्हा त्रास कोठे आणि केव्हा होतो, हे डॉक्टरांना नीट सांगावे. घरातली धूळ आपण झाडू. जिनातल्या धुळीचा जाब मात्र मालकालाच विचारला पाहिजे.